गाळलेली कडवी

आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर बाईंशी मी एकदा खोटे बोललो, आणि ते खोटे पुढे वर्षभर मनात जपून ठेवले. वाक्य अगदी लहान होते: "असेल तिथेच, मावशी. नीट पाहा." त्या जे शोधत होत्या ते तिथे नव्हते. ते तिथे नाही हे साऱ्या अकोल्यात एकट्या मला ठाऊक होते, कारण ते लिहिण्याचे काम माझे होते आणि मी ते लिहिले नव्हते.

हे काम माझ्याकडे आले त्याचीही एक हकिगत आहे. आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर, पाळकसाहेब वर्षभराच्या कामांची यादी वाचून दाखवतात. सतरंज्या कोण अंथरणार, पिण्याचे पाणी कोण भरणार, प्रभुभोजनाचे इवलेसे पेले कोण धुणार, शास्त्रवाचन कोण करणार. यादी पूर्ण होईपर्यंत चहाला कोणी उठत नाही. त्या वर्षी माझे कान शास्त्रवाचनाकडे लागले होते. माझे उच्चार स्वच्छ आहेत असा माझा समज होता, आणि पन्नाशी गाठत आलेल्या माणसाला महिन्यातून एकदा व्यासपीठाजवळ उभे राहायला मिळावे ही अपेक्षा मला फार मोठी वाटत नव्हती. महिनाभर मी न्हाणीघरात मोठ्याने वाचनाचा सराव करीत होतो. पत्नी बाहेरून विचारी, "आजचा अध्याय संपला का? पाणी जाईल नळाचे."

माझे नाव आले ते यादीच्या शेवटी, पेल्यांच्याही नंतर. पाळकसाहेब म्हणाले, "मावशींना आता पुस्तकातली अक्षरे दिसत नाहीत. दर रविवारची चार गीते त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत लिहून आणायची. भाऊ, तुमचे अक्षर सुंदर आहे. हे काम तुमच्याकडे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. ते माझ्यावर हसले नसतील, पण मी ते हसू उचलून घरी नेले.

मावशी मूळच्या दर्यापूरकडच्या. सगळे आयुष्य दवाखान्यात परिचारिका म्हणून गेले होते, आणि निवृत्तीनंतरची वीस वर्षे त्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने समोरचे सगळे धुरकट झाले होते, पण आवाज वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारा, तो तसाच राहिला होता. त्या दिवशी त्या काठी टेकत माझ्यापाशी आल्या.

"तू लिवशीन काय रे बाबू? बरं झालं. मोठं लिव. इतकं मोठं का मले गेटपासून वाचता आलं पायजे."

"गेटपासून कशाला, मावशी?"

"तुमी लोकं माह्याशिवाय पयलं गाणं सुरू करता ना! मी गेटपासूनच सुरू करन."

मी हसलो, आणि मनात म्हणालो, यासाठी महिनाभर सराव केला का?

पहिले काही महिने मी काम नीट केले. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ, जाड काळा मार्कर, दोन बोटे उंचीचे अक्षर. एका पानावर जेमतेम एक कडवे मावे. चार गीतांची वीस-बावीस पाने होत. ती क्रमाने लावून दोऱ्याने बांधायची. शनिवारची दुपार त्यात जाई.

मग पावसाळ्यातल्या एका शनिवारी अकोटहून पत्नीच्या माहेरची माणसे आली. त्या रविवारचे एक गीत सहा कडव्यांचे होते. मी तीन लिहिली आणि मार्करचे टोपण लावले. मावशींना गीते अर्धीअधिक पाठच असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. रविवारी कोणाच्या काही लक्षात आले नाही. पुढच्या शनिवारी पाहुणे नव्हते, तरी मी तीनच लिहिली. पुढे तो नियमच झाला: गीत कितीही लांब असो, मावशींच्या वाट्याला तीन कडवी.

मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. दाखल्यावर एखाद्या मुलाच्या नावातला काना चुकला, तर मी तो दाखला फाडून नवा लिहीत आलो आहे. त्यावर मुख्याध्यापकांची सही असते. मावशींच्या पानांवर कोणाची सही नसे, ती कोणी तपासत नसे, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना पुस्तक उघडून ताडून पाहता येत नसे. मी कोणाला भिऊन नीट काम करतो, हे मला त्या पानांनी दाखवून दिले. मी मात्र ते बराच काळ पाहिले नाही.

चर्चमध्ये काय घडत होते ते ऐकू येत होते. पहिली तीन कडवी मावशींचा आवाज पेटीच्याही वर असे. चौथे सुरू झाले की तो एकदम थांबे, आणि पाने पुढे-मागे उलटल्याचा आवाज येई. जाड कागद, मोठा आवाज. त्या पुढे जात, दुसरे गीत लागे. पुन्हा मागे येत. मंडळीत कोणीतरी म्हणालेसुद्धा, "मावशी आता तिसऱ्या कडव्यानंतर थकतात."

नाताळच्या आदल्या रविवारी त्यांनी मला दारात गाठले.

"बाबू, चवथं कडवं तू कोन्या पानावर लिवतं? मले सापडतच नाई."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. असेल तिथेच, मावशी. नीट पाहा.

"हाव, असनच," त्या म्हणाल्या. "तू काहून सोडशीन? माह्येच डोळे." आणि मग जरा हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पण मले हे पाठ होतं रे. पयले तोंडात यायचं आपोआप."

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, उपासनेनंतर चहा चालला असताना त्या पाळकसाहेबांकडे आल्या. मी दोन पावलांवर उभा होतो. "मले रविवारच्या शाळेतून मोकळं करा," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांना थट्टा वाटली. "का मावशी, मुलांनी पगार थकवला का?"

"हासू नोका. डोळे गेले, थे ठीक हाय. गोष्टीले डोळे नाई लागत. पण आता डोकंबी चाललं माह्यं. पुढचं कडवं आठवत नाई, कागदावर हाय तं दिसत नाई. उद्या लेकरायले चुकीचंच काई सांगतलं तं? त्यायले काय समजते? मावशीनं सांगतलं म्हंजे खरं."

त्यांच्या वर्गाविषयी सांगायला हवे. सतरंजीवर चार ते दहा वर्षांची पंधरा-वीस मुले, आणि मध्ये मावशी. बायबलातल्या गोष्टीतला, संदेष्ट्याला गिळणारा मासा व्हायचा असला की त्या गाल फुगवून दोन्ही हातांनी पदर पसरत आणि पहिल्या रांगेतली दोन-तीन मुले खरोखर पदराखाली घेत. आतून किंचाळ्या आणि हसू ऐकू येई. मोठ्यांच्या प्रार्थनेत व्यत्यय येतो अशी तक्रार दरवर्षी होई आणि दरवर्षी ती कोणी मनावर घेत नसे. हे सगळे त्या सोडत होत्या, कारण मी शनिवारची अर्धी दुपार वाचवली होती.

हातात चहाचा पेला होता. बोलायचे होते. मी चहा प्यालो.

त्या शनिवारी मी सगळी कडवी लिहिली. पुढच्याही. एवढे केले की झाले, कबुलीची काय गरज, असे मी मनाला समजावले. काम सुधारले म्हणजे चूक पुसली गेली, हा हिशेब करणाऱ्याला फार सोयीचा असतो.

पण त्या शनिवारांनी मला जे दिले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. चाळीस वर्षे मी ही गीते गात आलो होतो, बहुतेक वेळा घरी कुलूप लावले की नाही याचा विचार करीत. आता दोन बोटे उंचीचा एकेक शब्द लिहायचा तर त्याच्यापाशी थांबणे भाग होते. लिहिता लिहिता ध्यानात आले की आमच्या पुष्कळ गीतांत सुरुवातीला माणूस आपले दुःख सांगतो, मध्ये मागतो, आणि उपकार मानतो तो शेवटच्या कडव्यांत. म्हणजे मी मावशींना महिनोन्‌महिने गाऱ्हाणी गायला लावली होती आणि उपकार तेवढे गाळले होते. मार्कर हातात धरून मी एकटाच हसलो, आणि मग हसू आले याची लाज वाटली.

हळूहळू शनिवारची दुपार आमच्या घरात सणासारखी झाली. मी लिहिताना पुटपुटत असे. पत्नी स्वयंपाकघरातून चाल धरी आणि माझा सूर चुकला की पळी आपटून दुरुस्त करी. मी पानांना समास सोडू लागलो, धृपदाखाली रेघ ओढू लागलो, पाने उलटायला सोपी जावीत म्हणून कोपरे गोल कापू लागलो. कोणी सांगितले नव्हते. त्या कोपऱ्यांचा मला जो आनंद होई तो सांगितला तर लोक हसतील. देवाने सोपवलेले काम मोठे की लहान, हे आपण बाहेरून मोजत राहतो. आत शिरल्यावर ते ऐसपैस असते, एवढे मला त्या टेबलाशी कळले.

आणि मावशी पुन्हा गाऊ लागल्या. चौथे कडवे, पाचवे, सहावे. पहिल्या रविवारी त्यांचा आवाज चौथ्या कडव्यात शिरला तेव्हा पेटी वाजवणाऱ्यांनी मान वळवून पाहिले. काही आठवडे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. मग कापणीच्या सणाला, जेव्हा आमच्याकडे लोक तूर, ज्वारी, कोहळे घेऊन येतात आणि देवाचे उपकार मानतात, त्या साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांना सांगायला, उभ्या राहिल्या.

"माह्यी याददाश गेली होती. देवानं वापस देल्ली," त्या म्हणाल्या. "आन् देवानं काय वापरलं? भाचीनं पाठवलेले बदाम. रोज रात्री पाच भिजवाचे, सकाळी सोलून खाचे."

सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये बदामांची साथ आली. पाळकसाहेब खाऊ लागले. पेटीवाले खाऊ लागले. मावशींनी मला पाच बदाम कागदाच्या पुडीत आणून दिले. "तुले जास्त गरज हाय. इतकं लिवतं, डोकं थकत असन." मी ते खाल्ले. इतका कडू बदाम मी कधी चाखलेला नाही, आणि दोष बदामाचा नव्हता.

आता बोलणे अधिक कठीण झाले होते. मी तोंड उघडले असते तर देवाच्या घरात दिलेली साक्ष खोटी पडली असती, असे मला वाटे. खरे म्हणजे मला तसे वाटून घ्यायचे होते. मात्र एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. गाणे परत आले तरी मावशी मुलांकडे परतल्या नव्हत्या. रविवारी त्या बाहेरच्या बाकावर बसून वर्गातला आवाज ऐकत. मुले येऊन विचारीत, "मावशी, मासा कधी?" त्या म्हणत, "मासा म्हातारा झाला ना बाप्पा."

पुढच्या जानेवारीची यादी करण्याआधी पाळकसाहेब त्यांच्याकडे गेले. मावशी म्हणाल्या, "अमरावतीले डोक्याचे मोठे डॉक्टर हायत म्हणतात. त्यायनं कागदावर लिवून देल्लं का बाई ठीक हाय, तं येतो मी. बदामाचा काय भरोसा?" पाळकसाहेबांनी मला बोलावले. त्या वर्षी ते मला शास्त्रवाचन देणार होते. मी नको म्हणालो. त्यात नम्रता नव्हती, मला माझा शनिवार गमवायचा नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "बरे, मग मावशींना अमरावतीला घेऊन जायचे काम तरी घ्या."

एस.टी.त मावशी खिडकीशी बसल्या आणि पूर्ण रस्ताभर कंडक्टरला गावांची नावे त्याच्याआधी सांगत राहिल्या. "मूर्तिजापूर आलं. वळण समजते मले," त्या म्हणाल्या. ज्या बाईंना रस्त्याचे प्रत्येक वळण पाठ होते, त्या आपली स्मृती गेली की काय ते पाहायला निघाल्या होत्या, आणि मी शेजारी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... कुठपर्यंत जाऊ? मले चारच्या गाडीनं वापस जायचं हाय."

त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मध्ये इतर बरेच विचारून मग ते परत विचारले.

"सफरचंद, टेबल, घोडा. आन् मंधात तुमी एक जांभई देल्ली, थेबी ध्यानात हाय."

डॉक्टर हसले. "आजी, तुम्हाला नेमका त्रास काय झाला होता?"

मावशींनी सांगितले. पहिली तीन कडवी बरोबर. चौथ्यापासून अंधार. ना आठवे, ना कागदावर सापडे.

"प्रत्येक गीतात? नेमके तिसऱ्यानंतरच?" डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "असे कधी ऐकले नाही." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्याबरोबर असता. तुम्हाला काय दिसले?"

त्यांच्या पेनाचे टोक कागदावर टेकलेले होते. आता जे लिहिले जाईल ते मावशींच्या नावावर कायमचे राहील, हे मला दिसले. आयुष्यभर कागदच लिहीत आलो होतो मी.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "चौथे कडवे कागदावर नव्हतेच. ती पाने लिहिण्याचे काम माझे होते. मी तीनच कडवी लिहीत होतो. बरेच महिने."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग मी तपासू कोणाला?"

मावशींचा हात टेबलाची कड चाचपत होता. मग माझ्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारले, "म्हंजे माह्या डोक्याले काई झालंच नव्हतं?"

"नाही, मावशी."

"कधीच नाई?"

"कधीच नाही."

आणि त्या हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग तो वॉर्डभर पोचणारा आवाज सुटला. बाहेरची परिचारिका दार उघडून आत डोकावली. "आरे देवा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "वर्षभर बदाम खाल्ले ना बे मी!" डॉक्टरांनी तोंडावर हात धरला होता. कागदाची सवय झाली की पाठ असलेलेही तोंडात येत नाही, तो आजार नव्हे, असे सांगून त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले.

बाहेर पडल्यावर मावशींना गिला वडा खायचा होता. अमरावतीला येऊन तो न खाता जाणे त्यांना पटत नव्हते. वडेवाल्याच्या हातगाडीपाशी उभ्या राहून त्यांनी दह्यात बुडलेला वडा चमच्याने शांतपणे संपवला. मग म्हणाल्या, "हासली म्हणून सुटला, असं समजू नोको."

"नाही, मावशी."

"मी तुले इचारलं होतं. तू म्हणला, तिथंच असन. घरी जाऊन मी थ्या पानायवर बोटं फिरवत बसली होती. मले वाटे, शाईचा उठाव लागन बोटाले, तं समजन कुठी हाय थे."

माझ्या हातातली वाटी तशीच होती. "कंटाळा केला मी," मी म्हणालो. "आणि मनात राग होता. मला वाचन हवे होते, पाळकसाहेबांनी हे काम दिले. हे काम मला हलके वाटले. आणि तुम्ही वर्ग सोडलात तेव्हा मी तिथेच होतो."

"हे तं तू बातमी देऊन राह्यला," मावशी म्हणाल्या. "माफी कुठी हाय?"

मी वाटीतला चमचा नुसता फिरवत राहिलो. त्या क्षणी मला उमगले की पन्नास वर्षांत मी कोणाचीही क्षमा मोठ्याने मागितलेली नाही. देवाचीसुद्धा मनातल्या मनातच.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "इथं वडेवाल्यासमोर काय करतं. लेकरायसमोर माग. त्यायचंबी वर्ष घेतलं तू."

"आणि तुमची साक्ष, मावशी? ती आता..."

"साक्षेले काय झालं? डोकं शाबूत हाय म्हणून उपकार मानले. थे तं हायच. बदाम तेवढे काढून टाकू." आणि त्यांनी माझी वाटी पुढे ओढली. "तुले खायाचं नसन तं दे इकडं."

त्यानंतरच्या रविवारी मावशी उपासनेच्या तासभर आधी आल्या. सतरंजीवर मुले इतकी दाटली होती की काही तर मोठ्यांच्या वर्गात गेलेली, मिसरूड फुटू लागलेली पोरेही मागे येऊन बसली होती. मासा झाला. पदराखालून किंचाळ्या आल्या. पाळकसाहेब दारात उभे राहून एखाद्या लहान मुलासारखे पाहत होते. मग मावशी दम घ्यायला खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता या काकायले काई सांगायचं हाय. गुपचूप ऐका रे पोट्टेहो."

मी सतरंजीच्या कडेला चपला काढल्या आणि आत गेलो. वीस-पंचवीस चेहरे वर पाहत होते. गोष्टच सांगणार असे त्यांना वाटत असावे. महिनाभर ज्या स्वच्छ उच्चारांचा मी सराव केला होता त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. आवाज फाटला, आणि मी तो तसाच राहू दिला.

"मुलांनो, मावशींना विसर पडला नव्हता. त्यांची गीते लिहिण्याचे काम मला दिले होते, ते मी अर्धवट केले, आणि त्यामुळे त्यांना वाटले की त्यांचे डोके बिघडले. म्हणून त्या एक वर्ष तुमच्याकडे आल्या नाहीत. तो दोष माझा आहे." मग मी खुर्चीकडे वळलो. "मावशी, मी तुमची कडवी गाळली. तुम्ही विचारलेत तेव्हा खोटे बोललो. तुम्ही वर्ग सोडलात तेव्हा जवळ उभा राहून गप्प बसलो. माझे चुकले. मला क्षमा करा."